समुद्राहून खारट

१

धाकटीची विहीर खारट झाली, ही बातमी तिकीटबाईला मंगळवारी सकाळी पहिल्या लाँचच्या आधी कळली आणि तिला मनापासून आनंद झाला. खोटं कशाला सांगा? तोंडाने ती "अगंबाई, असं कसं झालं!" म्हणाली खरी, पण आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

तिकीटबाई म्हणजे धक्क्यावरच्या लाकडी खोपटात बसून लाँचची तिकिटं देणारी बाई. बेट एवढंसं, गाव त्याहून एवढंसं, आणि तिच्या खिडकीतून निम्मं गाव दिसायचं. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी नवं कपाट उतरलं, कुणाची सून रुसून माहेरी निघाली, सगळं तिला घरच्यांच्या आधी ठाऊक. परवा रविवारी धाकट्याची होडी डांबर लावायला वाळूवर ओढली, तेही तिने चहा पीत पाहिलं होतं. आठ माणसं लागली. होडी हलकी व्हावी म्हणून आधी जाळी काढली, नांगर काढला, पिण्याच्या पाण्याचं मोठं पिंप उपडं करून रिकामं केलं. धाकट्याने ते पिंप पायाच्या अंगठ्याने ढकलत ढकलत वर नेलं होतं. या वयातही चालण्यात काय ऐट होती मेल्याच्या!

आता हा धाकटा कोण, ते सांगायला हवं. गावात होडीवाल्यांचं एक घर. थोरला भाऊ परदेशी जहाजावर नोकरीला, धाकटा इथे होडी चालवणारा. अठरा वर्षांपूर्वी तिकीटबाईचं लग्न या धाकट्याशी जवळजवळ ठरलं होतं. तारीखच काय ती काढायची राहिली होती. मग तो एकदा मासळी घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर गेला आणि येताना बायको पसंत करून आला. तीच ही धाकटी. तिकीटबाईने पुढे लग्न केलं नाही. ती खिडकीत बसली आणि त्या घराकडे बघत राहिली. त्या घरात काही चांगलं झालं की त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

आणि चांगलं होतच राहिलं! सासू तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं धाकटीने केलं. म्हातारीने जाताना विहीर आणि भोवतालची जागा धाकटीच्या नावावर केली. मुलांच्या नाही, मुलीच्या नाही, थोरल्या सुनेच्याही नाही. सगळ्या बेटावर गोड्या पाण्याची अशी विहीर ती एकच. धाकटीने तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, पांढऱ्याशुभ्र, निळ्या दारांच्या. आता फक्त परवाना यायचा होता. येत्या शुक्रवारी पाणी तपासायला साहेब येणार होते. पाणी गोडं निघालं तर परवाना, नाहीतर खोल्यांना कुलूप.

तर अशी ती धाकटी मंगळवारी सकाळी स्वतः खिडकीशी आली. डोळे सुजलेले, केसांना फणी नाही.

"ताई, तुम्ही मदत केली तरच काही होईल."

"मी काय करणार बाई? मी तिकिटं विकते."

"तुम्ही सगळं बघता. अध्यक्ष म्हणतात, विहिरीत समुद्र शिरला. आता उपसायची नाही, उपसली तर आणखी आत येईल, बुजवून टाका म्हणतात. आणि लोक म्हणतात, कुणीतरी मुद्दाम केलंय. जाऊबाईंच्या मासे खारवायच्या खोपीमागे मिठाची तीन रिकामी पोती सापडली."

"मग झालं की. थोरलीला विचारा."

"लोक तीन नावं घेताहेत, ताई. एक जाऊबाईंचं, एक वन्संचं."

"आणि तिसरं?"

धाकटीने मान खाली घातली. "तुमचं."

२

तिकीटबाईच्या मघाच्या उकळ्या जागच्या जागी थंड झाल्या. माझं नाव? ज्या बाईने अठरा वर्षांत त्या अंगणात पाऊल टाकलं नाही, तिचं? नऊची लाँच सुटली तशी तिने खिडकी लावली, 'दोन वाजता उघडेल' अशी पाटी अडकवली आणि तरातरा निघाली.

विहिरीभोवती अर्धं गाव जमलं होतं. मध्यभागी गावकमिटीचे अध्यक्ष, हात मागे बांधून, सगळं कळल्याच्या थाटात. "समुद्रच शिरलाय. दुसरं काही नाही. निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?"

तिकीटबाईने रहाटाच्या बादलीत ओंजळ बुडवली, चाखलं आणि थुंकली. जीभ भाजल्यासारखी झाली. ती लहानपणापासून समुद्रात डुंबलेली बाई. नाकातोंडात समुद्र किती वेळा गेला असेल त्याला गणती नाही. हे पाणी तिला वेगळं लागलं.

"धाकटे, घरात अंडं आहे का? ताजं हवं. आणि कुणीतरी समुद्राची एक बादली आणा."

"आता आमलेट करणार का?" अध्यक्ष म्हणाले. लोक हसले.

"करीन. आधी बघा तर."

एका बादलीत समुद्राचं पाणी, एका बादलीत विहिरीच्या तळाचं. तिने अंडं समुद्राच्या बादलीत सोडलं. ते सरळ तळाशी जाऊन बसलं. मग काढून विहिरीच्या बादलीत सोडलं. अंडं बुडालं, वर आलं आणि डोकं बाहेर काढून मजेत तरंगायला लागलं.

मासे खारवायच्या मिठवणीत अंडं तरंगलं की मीठ पुरे झालं, हे गावातल्या बायांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. सगळ्या एकदम कुजबुजायला लागल्या.

"अध्यक्ष," तिकीटबाई म्हणाली, "समुद्र शिरला असता तर पाणी फार तर समुद्राइतकं खारट झालं असतं. समुद्र स्वतःपेक्षा खारट पाणी आणणार कुठून? हे वरून ओतलेलं मीठ आहे. पोतीच्या पोती. तेव्हा बिनधास्त उपसा. खालचे झरे गोडेच आहेत."

अध्यक्षांनी अंड्याकडे असं पाहिलं की जणू त्यानेच त्यांचा अपमान केला होता. धाकटीच्या चेहऱ्यावर मात्र रंग परतला. ते बघून तिकीटबाईला पुन्हा थोडं वाईट वाटलं; सवयच ती.

"उपसून घेते आजच!" धाकटी म्हणाली.

"घे. पण आज उपसलीस आणि गुरुवारी पुन्हा कुणी पोतं रिकामं केलं तर? सोमवारी संध्याकाळी शेवटची घागर गोडी होती ना? म्हणजे त्यानंतर सकाळपर्यंत कधीतरी हे झालं. आणि परवापासून लाँचमधून परका माणूस एकही उतरलेला नाही, ते मी सांगते."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. जो कोणी होता, तो गावातलाच होता.

३

थोरली आपल्या खोपीत मासे उलटेपालटे करत होती. ही तिकीटबाईची शाळेतली मैत्रीण. जीभ अशी की सुरीला धार नको.

"आलीस का फौजदारीण? घाल बेड्या."

"तुझं मीठ आहे ना ते?"

"माझंच. तीन पोती गेली. आणि माझंच मीठ ओतून पोती माझ्याच खोपीमागे टाकायला मी काय खुळी आहे? माझ्याकडे वीस पोती असतात, खोपीला दार नाही. कुणीही न्यावं."

"पण तुझा राग आहे तिच्यावर."

"राग? अगं जळते मी!" थोरलीने मासा आपटला. "पंचवीस वर्षं या घरात राबले. भिंती मी सारवल्या, दिराचं लग्न मी लावलं. आणि म्हातारीने विहीर दिली कुणाला, तर शेवटच्या तीन वर्षांत पाय चेपणारीला. आता ती पाहुण्यांना खोल्या देणार, आणि मी अंगाला माशांचा वास घेऊन बसणार. जळू नको तर काय करू? पण उघड जळते. सकाळी त्याच विहिरीचं पाणी आणून चहा टाकला, घरात होतं नव्हतं ते सगळं दूध घालून. एक घोट घेतला आणि सगळा चहा अंगणात ओतला. दूध गेलं ते गेलंच." मग तिने डोळे बारीक केले. "तू का एवढी धावतेस तिच्यासाठी? तुलाही आतून गुदगुल्याच झाल्या असतील की."

तिकीटबाईने सरळ चपला पायात घातल्या.

मागच्या अंगणात नणंद भेटली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून दहा वर्षांपूर्वी माघारी आलेली; घरात एक खोली आणि दवाखान्याच्या चादरी धुण्याचं काम, एवढाच तिचा संसार. दोन मोठ्या टोपांत चादरी भिजत होत्या आणि ती साबण घासघासून रडकुंडीला आली होती.

"फेसच येत नाही! पहाटे अंधारात पाणी ओढून भिजवल्या, चव कोण बघतंय? आता या सगळ्या पुन्हा धक्क्यावरच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीवर नेऊन खळबळायच्या. माझा जीव जाईल."

"तुम्हाला वाटत नाही, ही विहीर तुम्हाला मिळायला हवी होती?"

नणंदेने कपाळावरचा घाम पुसला. "पोटची मुलगी मी. वाटणार नाही? रोज वाटतं. त्या निळ्या दारांकडे बघितलं की दातओठ खाते मी. पण त्याच विहिरीवर माझं पोट आहे, ताई. मी माझंच पोट कशी मारीन?"

दोघींनी कबूल केलं होतं, कुणी लपवलं नव्हतं. तिकीटबाई खट्टू झाली. इतका उघडा मत्सर, आणि त्यातून धड एक गुन्हेगार सापडू नये! उरलं होतं तिसरं नाव, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

४

परतताना वाट वाळूवरूनच जात होती. होडीच्या सावलीत धाकटा डांबराचा ब्रश घेऊन बसला होता. अंग काळं, दात पांढरे.

"आज इकडे कुठे पायधूळ? ये, बस. उन्हाची दमलीस."

अठरा वर्षांत एवढं लांब वाक्य तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. तिकीटबाई बसली. पदर सारखा केला, केस सारखे केले; एवढं करूनही गाल तापले ते तापलेच.

त्याने होडीमागे ठेवलेल्या पिंपातून पेला भरून दिला. पिंपावर ओलं शीड टाकलेलं, पाणी गार आणि मधुर. तिने गटागटा दोन पेले प्याले.

"तुला कुणाचा संशय?" तिने विचारलं.

"थोरल्या वहिनीचा, दुसऱ्या कुणाचा? पहिल्यापासून तिच्या डोळ्यांत खुपतंय." त्याने ब्रश डांबरात बुडवला. "जाऊ दे गं. नशिबात नव्हतं म्हणायचं. खोल्या काय, असल्या काय नि नसल्या काय. होडी आहे, पोट भरतंय."

किती समजूतदार माणूस, असं मनाशी म्हणत तिकीटबाई धक्क्याकडे निघाली. असा नवरा मिळूनही त्या बाईचं रडणं संपत नाही, असंही म्हणाली. दोन वाजता खिडकी उघडली. रांगेतल्या पहिल्याच माणसाने पाणी मागितलं. तिने आपल्या माठातून पेला भरून दिला. त्याने एक घोट घेतला आणि तोंड कडू केलं.

"कसलं हो हे पाणी? गंजाचा वास येतोय."

"टाकीचं आहे. आज बेटावर दुसरं गोडं पाणी नाही कुठे..."

वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. रांगेत सात माणसं होती. तिने सातही जणांच्या तोंडावर खिडकी धाडकन लावली.

५

"पिंप कधी भरलंस?"

धाकटा दचकला. "कुठलं पिंप?"

"हे, शिडाखालचं. रविवारी तू ते रिकामं केलंस, मी पाहिलंय. पायाच्या अंगठ्याने ढकलत होतास. आता हलवून दाखव." तिने स्वतःच दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. पिंप हललं नाही. "आज सकाळपासून विहीर खारट. म्हणजे भरलंस ते काल."

"काल भरलं. मग? डांबराचं काम आहे, तहान लागते."

"दोनशे लिटर? एकट्याला? होडी आठवडाभर वाळूवर, घर हाकेच्या अंतरावर, आणि तू बादली बादली करून पिंप काठोकाठ भरलंस? होडीवाला पिंप भरतो ते निघायच्या दिवशी. वाळूवरच्या होडीचं पिंप कुणी भरताना पाहिलंयस कधी?"

तो डांबर ढवळायला लागला.

"मी सकाळपासून कुणाला राग आहे ते विचारत हिंडले. सगळ्यांनाच आहे! विचारायचं होतं ते वेगळंच. विहीर नासणार हे ज्याला आधी माहीत होतं, तो आधी पाणी भरून ठेवणार. थोरलीने घरातलं सगळं दूध त्या पाण्यात घातलं. तुझ्या बहिणीने दवाखान्याच्या चादरी घातल्या. दोघी फसल्या, कारण दोघींना माहीत नव्हतं. गोडं पाणी आज एका माणसाकडे आहे. तुम्हा होडीवाल्यांना अंगवळणीच पडलंय ते. पाणी मिळणार नाही म्हटलं की हात आपोआप पिंपाकडे जातो. तुझी बायको सकाळपासून डोक्यावर टाकीचं गंजकं पाणी वाहतेय, आणि तू तिला एक तांब्या दिला नाहीस. देणार कसा? कुठून आणलं, ते सांगावं लागलं असतं."

धाकट्याने ब्रश वाळूत फेकला.

"लाँचमधून माणसं उतरतात," तो म्हणाला. "परवाना यायच्या आधीच मला विचारतात, खोल्यावाल्या बाईंचं घर कुठे? मी सांगतो. मग म्हणतात, तुम्ही तिथले गडी का? गडी! आईने पोटच्या पोराला सोडून विहीर सुनेला दिली. पूर्वी माझी होडी लागायच्या आधी ही किनाऱ्यावर उभी असायची. आता मी येतो तेव्हा ही पडद्यांचं माप घेत असते. वरसुद्धा बघत नाही."

"म्हणून मीठ?"

"खोल्या बंद पडल्या असत्या तर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं."

"आणि थोरलीवर आळ?"

"आळ कशाला घालू? मीठ तिथलंच होतं, पोती तिथेच टाकली." हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की तिकीटबाईला पहिल्यांदा त्याची किळस आली. मग तो तिच्याकडे वळला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "तू असतीस तर असं झालंच नसतं. तू मला असं खाली बघायला लावलं नसतंस."

तू असतीस तर! हे तीन शब्द ऐकण्यासाठी तिने त्या खोपटात किती उन्हाळे काढले होते. उशीत तोंड खुपसून तिने ते स्वतःच स्वतःला किती वेळा ऐकवले होते. आता ते समोर आले, आणि तिला आपली खिडकी आठवली, आपलं कुलूप, आपली किल्ली, रांगेतली माणसं तिला 'बाई, बाई' म्हणत हात पुढे करतात ते. याने त्यातही काहीतरी ओतलं असतं. नक्की ओतलं असतं.

"मी असते तर मीठ माझ्या विहिरीत पडलं असतं," ती म्हणाली आणि उठली.

"कुणाला सांगशील?"

"एकीलाच. जिची विहीर आहे तिला."

६

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच तिने ओच्याने डोळे टिपले. तिकीटबाईला वाटलं, आता ही माझ्या गळ्यात पडून रडणार. पण धाकटी उठली, विहिरीवर जमलेल्यांना घेऊन थोरलीच्या खोपीत गेली आणि अध्यक्षांसकट सगळ्यांसमोर तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "जाऊबाईंनी काही केलेलं नाही. कुणी केलं ते मला कळलंय. घरातलं आहे, घरात बघते." मग ती वाळूवर गेली. नवऱ्याशी काय बोलली ते कुणी ऐकलं नाही. गावाने पाहिलं ते एवढंच, की बुधवारी उजाडल्यापासून धाकटा एकटा रहाटावर उभा होता.

बुधवार गेला, गुरुवार गेला. बादलीमागून बादली. शेवटी तो आत उतरला आणि तळाचा गाळ खरवडून वर काढला. हातांना फोड आले, फोड फुटले, तरी माणूस थांबेना. धाकटी काठावर बसून मोजत होती. कुणी मदतीला आलं की म्हणायची, "नको हो, यांना कुणाची मदत चालत नाही."

विहिरीवर बायांची रीघ लागली.

"नवरा असावा तर असा!"

"नाहीतर आमचे. पेला उचलून ठेवत नाहीत."

"काय पुण्य केलं असेल बाई हिने."

सगळ्या नुसत्या जळून कोळसा झाल्या होत्या. थोरली पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती; तिला धाकटीने सांगितलं असावं. एक जण तिकीटबाईला कोपराने ढोसून म्हणाली, "तुला तर बघवत नसेल गं. तुझंच होतं हे नशीब."

"नाही बघवत," तिकीटबाई म्हणाली. पण उठली नाही. शेवटची बादली येईपर्यंत बघत बसली.

शुक्रवारी साहेब आले. त्यांनी बाटली भरली, त्यात कसलीशी पट्टी बुडवली, उजेडात धरली, मग स्वतः एक ओंजळ प्याले. "उत्तम पाणी आहे. मालक कोण?"

सवयीने सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. सवयीने त्यानेही पाठ ताठ केली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"मी," धाकटी मागून म्हणाली. "सही कुठे करायची?"

साहेबांनी कागद पुढे केला. धाकटीने तो विहिरीच्या काठावर पसरला, ओले हात पोलक्याला पुसले आणि सावकाश, सबंध नावाने सही केली. कुणाची घाई नव्हती तिला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या तिकीटबाईला हेवा वाटला, सपाटून वाटला. धाकटा दोन हातांच्या अंतरावर उभा होता, फोड आलेले पंजे काखेत धरून. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टाचा उंच करून त्या सहीकडे बघत होती.